नाव न घेता ठेवलेला नारळ

सुगंधाच्या पडवीतून काजूबियांची गोण गेली ती भर दुपारी, घरातली माणसं पेज जेवून लवंडलेली असताना. गोण लाकडांच्या रचीमागे दडवून ठेवली होती. तिथे ती आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचं काही कारण नव्हतं, आणि सुगंधाच्या डोक्यात नेमकं हेच जाऊन बसलं.

यंदा बी मुळात झालीच नव्हती. ऐन मोहराच्या दिवसांत ढग आले, मोहर करपून काळा पडला, आणि एरवी ज्या झाडाखाली रोज टोपली भरायची तिथे ओंजळ भरताना नाकी नऊ यायचे. सुगंधाने ती गोण ओंजळीओंजळीने भरली होती. सडलेल्या बोंडांवरच्या माश्या हाकलत, पाचोळा चाळत, वाकून वाकून. कंबर धरली होती तिची. गोणीला उंदराने पाडलेलं भोक तिने आपल्या जुन्या हिरव्या पातळाचा काठ लावून शिवलं होतं. पावसाळ्याचं मीठमिरचीपासूनचं सगळं त्या एका गोणीवर यायचं होतं.

घराच्या मधोमध चिऱ्याची भिंत. अलीकडे सुगंधा, तिचा नवरा बाबू आणि मुलगा ओंकार. पलीकडे बाबूच्या थोरल्या भावाची, कैलासवासी भिकाजीची बायको तुळसा, एकटी. तिची मुलगी संचिता लग्न होऊन आरोंद्याला गेलेली. दारापुढचं खळं मात्र दोघींचं एकच. त्या खळ्यात उभी राहून सुगंधा कोंबड्यांना उद्देशून बोलायला लागली, तोंड मात्र भिंतीच्या पलीकडे.

"माजी बी खावन कोणाक पचाची नाय! माज्या घामाची ती!"

तुळसा बाहेर आली. काजू फॅक्टरीतून त्या दिवशी ती दुपारीच परतली होती, डोक्याला बांधलेला रुमालही सोडला नव्हता. "कोणाक म्हणतंस गो?"

"जेका लागता तेका."

"मगे माका लागला. ये, घर बग माजा. मडक्यात हात घालून बग."

"घरात ठेवूक तू येडी थोडीच हस?"

तुळसा आत वळली. तिला भांडता येत नसे. भांडण यायला लागलं की तिच्या घशात आवंढा यायचा आणि लोकांना वाटायचं, बाई चोरटी आहे म्हणून गप्प बसली.

"वयनी तशी नाय गो," बाबू आत आल्यावर हळूच म्हणाला.

"तुका काय ठावक? मेरेवरच्या काजीखालची बी दरवर्सा कोण येचता?"

मेरेवरच्या, म्हणजे दोन जमिनींच्या हद्दीवरच्या, काजीचं भांडण जुनं होतं. बुंधा सुगंधाच्या जमिनीत, अर्ध्या फांद्या तुळसाच्या. पडलेली बी कोणाची, यावर भिकाजी जिवंत होता तेव्हापासून दोन्ही घरांत धुसफूस होती. बाबूला त्यावर बोलायला काही सुचलं नाही. त्याला एकूणच आयुष्यात फारसं काही सुचलं नव्हतं.

सोमवारी सुगंधा नारळ घेऊन रवळनाथाच्या देवळात गेली.

नारळ ठेवायचा म्हणजे कोणाच्या तरी वाइटासाठी ठेवायचा. पोलिसांत गेलं तर हवालदार विचारतो, पुरावा काय? देव असलं काही विचारत नाही, म्हणून माणसांना देव बरा वाटतो. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान दाजी गावकराचा. दाजीने आंघोळ केली, सोवळं नेसला, नारळ हातात घेतला आणि विचारलं,

"नाव घेवन ठेवतंस, काय नाव न घेता?"

"घेतला तर काय होता?"

"नाव खोटा निघाला तर नारळ उलटता. ठेवणाऱ्याच्या घरार येता."

सुगंधाने विचार केला. तिची खात्री होती, पण खात्री वेगळी आणि आपलं घर वेगळं. "नाव नको. असा घाला, जेच्या हाताक माजी बी लागली, तो हात कुजान जावंदे."

दाजीने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "बोलतंस बाकी वकिलासारख्या."

मग चार गावकऱ्यांसमोर त्याने खणखणीत आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकराची मेहनत कोणी चोरून नेल्यान हा. तो आपल्यातलो आसांदे, परको आसांदे, जेच्या हाताक हिची बी लागली तो हात तू राखू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाकीचे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज सुगंधाचा होता.

दुसऱ्या दिवसापासून वाडीत हात बघायची साथ आली. पाणी भरताना, मासेवालीकडून बांगडे घेताना, बसमध्ये दांडा धरताना लोक एकमेकांचे हात बघायला लागले. आणि सगळ्या वाडीत बघण्यासारखे हात एकाच बाईचे होते.

तुळसा कसालजवळच्या काजू फॅक्टरीत बी फोडायला जायची. बीच्या सालीत तेल असतं, ते कातडीला लागलं की भाजतं. राख लावा, खोबरेल लावा, व्हायचं ते होतंच. भिकाजी गेल्यापासून ती हे करत होती. तिची बोटं काळी पडलेली, कातडी सोललेली, नखांच्या कडेला भेगा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच हातांनी तिने वाडीतल्या बाळंतिणींना न्हाऊ घातलं होतं. पण आता तेच हात लोकांना नव्याने दिसले.

वरच्या घरी लग्न होतं. बायका मांडवामागे नारळ खवायला बसल्या होत्या. तुळसाने सवयीने पदर खोचला आणि विळीकडे हात नेला. घरची सून पटकन पुढे झाली.

"ऱ्हवांदे वयनी. तू थंय खुर्चीर बस. तुज्या हाताचा नको."

सून चांगली होती, तिने हसून सांगितलं. तुळसा जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. पाहुण्यांसारखी, दोन्ही हात पदराखाली घेऊन. जेवणं होईपर्यंत तिला कोणी उठवलं नाही.

सुगंधाने हे सगळं पाहिलं आणि तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जेवताना तिने वडे पुन्हा मागून घेतले.

त्याच आठवड्यात फॅक्टरीत यंत्राचं पातं तुळसाच्या उजव्या तळव्यात शिरलं. जखम लहान होती. पण तिला शुगर, आणि वर सालीचं तेल. तळवा सुजला, मग बोटं सुजली, मग हाताला वास यायला लागला. फॅक्टरीतल्या बायका तिच्या शेजारी बसेनात. मुकादमाने सांगितलं, हात बरा झाला की या. वाडीत कोणी मोठ्याने काही बोललं नाही. दाजी गावकर मात्र देवळासमोरून जाताना रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ हात जोडून उभा राहायला लागला. त्याचं गाऱ्हाणं लागू पडलं होतं.

"देवान दाखवल्यान," सुगंधा बाबूला म्हणाली.

"डाक्टर शुगर म्हणता," बाबू म्हणाला.

"शुगर कोण घालता?"

बाबू उठून गाईला पाणी दाखवायला गेला.

एका सकाळी सुगंधा सुकी मासळी आणायला कसालला गेली. स्टँडपासून थोडं पुढे पंक्चरचं दुकान आहे, ओंकार तिथे मित्रांबरोबर पडीक असायचा. तो आज तिथे नव्हता. दुकानवाला टेम्पोखाली पाठीवर निजून नट फिरवत होता, आणि त्याच्या पाठीखाली गोण होती. गोणीला हिरव्या पातळाचा काठ.

सुगंधा थांबली. खाली वाकून तिने टाके पाहिले. दुहेरी धागा, शेवटी तीन गाठी. तिच्याशिवाय असे टाके कोण घालणार?

"ही गोण खंयची रे?"

"तुमच्या ओंकारान दिल्यान, काकी." टेम्पोखालून आवाज आला. "बी विकल्यान आणि रिकामी हयसर टाकल्यान. कित्याक? व्हयी काय?"

"नको," सुगंधा म्हणाली.

ती स्टँडवर येऊन बाकावर बसली. तिची बस आली, लागली आणि निघून गेली. सुगंधा बसूनच होती. सुकी मासळी घ्यायची राहिली ते तिला घरी पोचल्यावर आठवलं.

ओंकार पडवीत आडवा पडून मोबाईल बघत होता. पंचविशी ओलांडलेला, दिसायला देखणा, बापासारखा गप्प नव्हे आणि आईसारखा कामसूही नव्हे.

"गोण तू व्हरलंस?"

त्याने डोळे वर केले नाहीत. "कोणी सांगल्यान?"

"मेल्या, गोण तू व्हरलंस?"

"आपलीच बी ती. आपल्या घरातली वस्तू घेतली ती चोरी काय?"

"काय केलंस तेचा?"

"विकलंय. पैशे मोबायलारच्या गेमात गेले. येतले परत." मग तो चिडून उठून बसला. "आणि माका काय आरडतंस? तू नारळ ठेवूक जातंस ता माका सांगून गेललंस काय?"

सुगंधाने त्याचा उजवा हात धरला. उलटा केला, सुलटा केला, बोटं फाकवून पाहिली, नाकाशी नेऊन वास घेतला. हात स्वच्छ होता. मऊ होता. तिने हळद आणि तेल आणून त्या हाताला चोळायला सुरुवात केली.

"काय लागला तुका?" ओंकारने हात ओढून घेतला आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

त्या दिवसापासून घरात विळी, कोयता, सुरी ओंकारच्या नजरेला पडेनाशी झाली. आंबा त्याला कापून मिळायला लागला. मासळीचे काटे आई काढून द्यायची. बाबूला वाटलं, मुलाला मुलगी बघायची चाललीय म्हणून लाड चाललेत. वैभववाडीच्या एका घरातून निरोप आला होता. मुलगी नर्स, चांगलं घर, येत्या रविवारी माणसं घर बघायला येणार होती.

सुगंधा दाजीकडे गेली. दाजी सुपाऱ्या सोलत बसला होता.

"दाजीनू, नारळ उचलूचो हा."

"चोर गावलो?"

सुगंधाने पायाजवळ घरंगळलेली एक सुपारी उचलून त्याच्यापुढे ठेवली.

"देवाक कारण सांगूक व्हया. चोर गावलो म्हणान सांग, नायतर चोरी झालीच नाय म्हणान सांग. ठेवलंस तसो चार माणसात उचलूचो."

"कोणाक न सांगता उचललो तर?"

"देव काय तुजो शेजारी हा, गुपचूप उसना फेडूक?" दाजीने आडकित्ता खाली ठेवला आणि तिच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. "कोण गावलो काय गो?"

"नाय," सुगंधा म्हणाली. "इचारलंय आपला."

परत येताना ती स्वतःशी बोलत होती. वयनीचो हात शुगरेन कुजलो. नारळ नसतो तरी कुजलो असतो. आणि ओंकाराच्या हाताक काय झाला नाय, म्हंजे देवाच्या लेखी ती चोरी न्हयच. माणूस दुसऱ्याशी बोलताना कधी कधी तरी खरं बोलतो. स्वतःशी बोलताना त्याच्याइतका गोडबोल्या शोधून सापडायचा नाही.

रविवारी वैभववाडीची माणसं आली, चहापोहे झाले, ओंकार त्यांना पसंत पडला. त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात तुळसाची दोन बोटं काढली.

घरी आली ती बँडेज बांधलेला हात उराशी धरून. सुगंधा खळ्यात रातांबे फोडत होती, आमसुलांसाठी. कोपरापर्यंत हात लाल झाले होते. तुळसा येऊन पायरीवर बसली. ती निम्मी झाली होती.

"सुगंधा, नारळ उचल गो."

"चोर गावल्याशिवाय उचलूक येणा नाय म्हणतत."

"गावलो. मीच ती."

सुगंधाचा हात रातांब्यात थबकला. पडवीत ओंकार बसला होता. त्याने कानातली वायर काढली.

"गोण मी नाय व्हरलंय," तुळसा म्हणाली, "संचिताची शपथ. पण तुज्या गाऱ्हाण्यात काय होता? जेच्या हाताक माजी बी लागली. लागली गो माज्या हाताक. मेरेवरच्या काजीखालची, तुज्या बाजूची. यंदा न्हय. ह्ये गेले त्या वर्सा. घरात काय नव्हता, चेडू रडा होता. पदरभर बी येचून भाजून दिलंय तिका. तुका कधी सांगूक नाय. तेवापासना मनात होता. दवाखान्यात पडल्या पडल्या कळला. देव इसारणा नाय." तिने बँडेजवरून डावा हात फिरवला. "आता डाक्टर म्हणता, वर गेला तर मनगटापासना काढूचो लागतलो. ह्यो एक हात ऱ्हवांदे गो माका. हातार पोट माजा."

सुगंधाच्या जिभेवर शब्द आला होता. खरंच आला होता. तिला तुळसाची कीव आली, पोटातून आली. भिकाजी गेला त्या वर्षी आपल्या घरात पोत्याने बी होती आणि भिंतीपलीकडचं पोर रडताना आपण ऐकत होतो, हेही तिला आठवलं. तिने मान वळवली. ओंकार तिच्याकडे बघत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो आईकडे नीट बघत होता, लहानपणी ताप आला की बघायचा तसा.

शब्द तिने गिळला.

"देवळात सांगशीत? चार माणसात?"

"सांगतंय."

"पदरभर बियांवर नारळ उठाचो नाय वयनी. गोण व्हरलंय म्हणान सांगूक व्हया."

गोठ्याच्या दारातून बाबू पुढे आला. "वयनी, तू कित्याक खोटा..."

"तू गप ऱ्हव!" सुगंधा ओरडली. बाबूने गोठ्यात जाऊन गाईपुढे गवत टाकलं. तिच्यापुढे आधीचं गवत तसंच होतं.

"तसा सांगलंय तर हात ऱ्हवतलो?" तुळसाने विचारलं.

"नारळ उठलो काय सगळा उठता," सुगंधा म्हणाली आणि पुढचा रातांबा फोडला.

सोमवारी देवळात गर्दी झाली. लग्नाला नसते एवढी माणसं आली. वरच्या घरची सून आली, फॅक्टरीतल्या बायका आल्या. तुळसा देवासमोर उभी राहिली आणि घशात आवंढा येऊ न देता, एका दमात म्हणाली, "सुगंधाची गोण मी चोरलंय. माका माफी करा." आयुष्यात पहिल्यांदाच ती चार माणसांत इतकं स्पष्ट बोलली होती.

मंडपभर सुस्कारा गेला. कोणीतरी म्हणालं, "तरी आमी म्हणा होताव."

दाजीने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! चुकला, आपल्या तोंडान कबूल केल्यान. आता तुजो राग आवर, तिचो हात राख, आणि हिच्या घरात बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी सुगंधाचा आवाज निघाला नाही. पण इतक्या आवाजांत ते कोणाला कळणार?

ठेवलेला नारळ व्हाळाच्या पाण्यात सोडायला दिला. नवा नारळ फोडला, आणि त्याचे बारीक तुकडे करून दाजी प्रसादाची शेरणी वाटत आला. ओंकारपुढे आल्यावर त्याने मोठा तुकडा निवडला. "घे, नवरदेवा!" माणसं हसली. ओंकारने उजवा हात पुढे केला, तुकडा घेतला आणि खाल्ला.

मग दाजी तुळसापुढे आला. तिने डावा हात पसरला.

"उजवो हात कर," दाजी म्हणाला. "देवाची शेरणी डाव्या हातात देणत नाय."

तुळसाने उजवा हात वर केला. बँडेजमधून पिवळं पाणी आलं होतं. दाजी अर्धं पाऊल मागे सरला. तुळसाला काय करावं कळेना. मग तिने डाव्या हाताने पदर पसरला, आणि दाजीने वरून, हात लागणार नाही असे, तुकडे त्यात टाकले.

घरी दोघी बरोबरच निघाल्या. वाट एकच होती. मेरेवरच्या काजीखाली तुळसा दम खायला थांबली.

"सुगंधा, माजो हात आता बरो होतलो मा गो?"

"होतलो वयनी," सुगंधा म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तुळसाच्या पदरातला एक तुकडा उचलून तिने तोंडात टाकला.